सॉफ्टवेअरची चाचणी आणि दुकानाचा ताळा

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील गाव. सुरतेहून नंदुरबारमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानक आहे. शेजारच्या नवापूरच्या स्थानकाची तर ख्याती अशी, की त्याच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत मोडतो. या पट्ट्यातील कापडदुकानाचा माल कधी सुरतेहून येतो, कधी नंदुरबारच्या घाऊक व्यापाऱ्याकडून. गिऱ्हाईक येते ते आसपासच्या पाड्यांवरून. दुकान दहा-बारा फुटांचे असले तरी त्याच्या हिशेबातून राज्याची सीमा जाते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू झाला तर तो गुजरातचा, २७ ने झाला तर महाराष्ट्राचा. पहिल्याच्या बिलावर एकात्मिक कर लागतो, दुसऱ्याच्या बिलावर केंद्राचा व राज्याचा निम्मा-निम्मा.

असले भेद पूर्वी मुनीमजींच्या डोक्यात असत. आज ते गल्ल्याशेजारच्या संगणकात असतात, आणि त्या संगणकातील सॉफ्टवेअर कोणीतरी दूर पुण्यात किंवा बंगळुरूत बसून लिहिलेले असते. मुनीमजींची चूक शेठजींच्या नजरेस पडे, कारण शेठजींना स्वतःला खतावणी वाचता येई. सॉफ्टवेअर आतून वाचता येणारा दुकानदार विरळाच. ते बरोबर चालते याची खातरजमा कोणी केली, कशी केली आणि कोणत्या कसोटीवर केली, हा प्रश्न म्हणून आता व्यापाराचाच प्रश्न झाला आहे. गेल्या काही वर्षांत खातरजमेचे हे काम माणसांकडून झपाट्याने यंत्रांकडे जात असल्यामुळे तो अधिक नाजूक बनला आहे.

व्यापारी घराण्यांतील कितीतरी मुले-मुली आज हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात ‘टेस्टर’ म्हणून नोकरी करतात. स्थळांच्या माहितीपत्रकात ‘क्यूए इंजिनिअर’ असे लिहिलेले असते, आणि घरातील ज्येष्ठांना त्याचा नीटसा अर्थ लागत नाही. सॉफ्टवेअर लिहितो तो मोठा आणि तपासतो तो दुय्यम, असा समजही आढळतो. तो समज चुकीचा आहे. खतावणी लिहिणारा मुनीम आणि ती तपासणारा लेखापरीक्षक यांत कोणाची मान अधिक असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये.

हे काम नेमके काय असते ते एका साध्या उदाहरणावरून कळेल. सुरतेहून चिंचपाड्याला येणाऱ्या मालाची किंमत, करासह, ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर ई-वे बिल लागते. तोच माल नंदुरबारहून आला तर महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीची मर्यादा एक लाख रुपयांची आहे. नियमातील शब्द ‘पेक्षा अधिक’ हा आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने घाईत ‘इतकी किंवा अधिक’ असे लिहिले तर नेमक्या ५०,००० रुपयांच्या मालालाही ते ई-वे बिल मागेल. मर्यादा राज्यागणिक बदलते हे तो विसरला तर नंदुरबारच्या ६०,००० रुपयांच्या मालासाठी दुकानदाराला विनाकारण खटाटोप करावा लागेल. चांगला टेस्टर ४०,००० आणि ७०,००० हे आकडे टाकून समाधान मानत नाही. तो ४९,९९९, ५०,००० आणि ५०,००१ टाकून पाहतो, आणि पुरवठादार एकदा २४ चा व एकदा २७ चा घेतो. चुका मधल्या मैदानात क्वचित सापडतात, त्या कुंपणाला लागून असतात, हा या व्यवसायाचा जुना अनुभव आहे. सीमेवरच्या गावाला तो पटायला वेळ लागू नये.

याहून अवघड उदाहरण अलीकडचे आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांची फेररचना जाहीर केली आणि ती २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाली. मध्ये केवळ एकोणीस दिवस होते. तयार कपड्यांवर नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर ठरला. पूर्वी ही सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के होता. बदल कागदावर एका ओळीचा दिसतो. परंतु दुकानातील प्रश्न पाहावेत. २,६०० रुपयांच्या शर्टावर ५ टक्के सूट दिली की किंमत २,४७० होते. मग दर कोणता? विक्रीची किंमत सुटीनंतरची धरायची, म्हणून ५ टक्के. सॉफ्टवेअरने सूट वजा करण्याआधीच दर ठरवला असेल तर गिऱ्हाईकाकडून विनाकारण १८ टक्के घेतले जातील. किंवा असे पाहावे, की १,८०० रुपयांचा शर्ट २० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकला गेला आणि २५ तारखेला परत आला. मूळ बिलावर कर २१६ रुपये होता. नव्या दराने तो ९० रुपये होतो. परतीची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी. सॉफ्टवेअरने त्या दिवशीचा दर लावला तर गिऱ्हाईकाचे १२६ रुपये बुडतात, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच.

आता खरी गंमत. चिंचपाड्यासारख्या बाजारात चिठ्ठीवर किंमत करासह लिहिलेली असते. समजा ती २,८०० रुपये आहे. सॉफ्टवेअरला त्यातून कर वेगळा काढायचा आहे. ५ टक्के धरले तर मूळ किंमत २,६६६ रुपये ६७ पैसे येते. ती २,५०० च्या वर गेली, म्हणजे ५ टक्के लागू नाहीत. बरे, १८ टक्के धरले तर मूळ किंमत २,३७२ रुपये ८८ पैसे येते. ती २,५०० च्या आत आली, म्हणजे १८ टक्केही लागू नाहीत! २,५०० वर ५ टक्के मिळवले की २,६२५ होतात, आणि १८ टक्के मिळवले की २,९५०. या दोन आकड्यांच्या मधली करासह किंमत नियमात बसवताच येत नाही. अनुभवी कापडव्यापारी हे कागदावर एकदा मांडून चिठ्ठीच बदलून टाकील, २,६२५ ची करील किंवा २,९५० च्या पुढे नेईल. सॉफ्टवेअर मात्र दोनपैकी एक उत्तर बेधडक छापून मोकळे होईल. कोणते उत्तर छापील, हे ते लिहिणाऱ्याने आधी कोणता भागाकार केला त्यावर अवलंबून राहील. हा पेच दुकानात बसलेल्या माणसाच्या लक्षात येतो. केवळ संगणक जाणणाऱ्याच्या येईलच असे नाही.

या कामाचा इतिहास बँकांच्या उदाहरणाने सांगता येईल. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर बँकांच्या शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. यंत्र आले म्हणून कोणी जाड खतावण्या त्याच दिवशी बांधून ठेवल्या नाहीत. काही काळ दोन्ही चालत. दिवसअखेर यंत्राची शिल्लक आणि हाताची शिल्लक समोरासमोर ठेवली जाई. फरक आला आणि त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर जुना कारकून लगेच म्हणे की कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, ५४ चे ४५ झाले आहेत. ही सारी मेहनत संथ आणि कंटाळवाणी होती. पुढे सॉफ्टवेअर मोठे झाले, दर महिन्याला बदलू लागले, आणि प्रत्येक बदलानंतर सगळे पुन्हा हाताने तपासणे अशक्य झाले. तेव्हा पडद्यावरील बटणे स्वतःच दाबून पाहणारी साधने आली. त्यांपैकी सेलेनियम हे २००४ पासूनचे साधन तर टेस्टर मुलांच्या तोंडी रोज असते. पुण्यात टाटा समूहाने १९८१ मध्ये स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात सॉफ्टवेअर न चालवता नुसते वाचून त्यातील दोष हुडकणारी साधने तयार झाली. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांना सॉफ्टवेअर दाखवावे आणि ‘याच्या चाचण्या लिहून दे’ म्हणावे. काही मिनिटांत शेकडो चाचण्या तयार.

या साधनांचा उपयोग मोठा आहे, आणि तो नाकारणे हा हटवाद ठरेल. १ फेब्रुवारी २०१८ चा दिवस अनेक व्यापाऱ्यांना आठवत असेल. १६ जानेवारीपासून चाचणी म्हणून चालवलेली ई-वे बिलाची व्यवस्था त्या दिवशी देशभर सक्तीची व्हायची होती. सकाळपासून संकेतस्थळावर गर्दी झाली, बिले निघेनात, मालमोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि त्याच दिवशी सरकारला सक्ती पुढे ढकलावी लागली. आंतरराज्य वाहतुकीसाठी ती १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली, तीही रोज ७५ लाखांपर्यंत बिले पेलण्याची तयारी केल्यानंतर. व्यवस्था दहा माणसांसाठी बरोबर चालणे आणि दहा लाख माणसांसाठी बरोबर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा लाख माणसे चाचणीसाठी गोळा करता येत नाहीत. परंतु भाड्याच्या संगणकांवर, ज्याला क्लाऊड म्हणतात, दहा लाख खोटे व्यापारी उभे करून एकाच वेळी बिले मागायला लावता येतात, आणि काम झाले की संगणक परत करता येतात. जेथे प्रश्न संख्येचा आहे तेथे यंत्राला पर्याय नाही.

तीच गोष्ट गुप्ततेची. पूर्वी चाचणीसाठी खऱ्या ग्राहकांची खरी खाती सर्रास वापरली जात. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाल्यानंतर अशी सवय महागात पडू शकते. आता खऱ्यासारखी दिसणारी, पण कोणाचीही नसलेली नावे, पत्ते आणि व्यवहार यंत्र तयार करून देते. हे निःसंशय चांगले झाले. मात्र त्या बनावट नावांत आडनावे पुण्या-मुंबईचीच निघाली, पत्त्यात ‘पाडा’ किंवा ‘फळी’ आलीच नाही आणि उधारी होळीला फेडणारा गिऱ्हाईक दिसलाच नाही, तर चिंचपाड्याच्या दुकानापुरती ती चाचणी अपुरी राहते.

आता अडचणीची बाजू. नंदुरबार जिल्ह्याच्याच शहादे तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारचे आकडे बारा असतात, त्यांतील शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर यंत्र तत्काळ ओळखते. शाळेत गुणाकाराला नवाचा ताळा घेत, त्याच जातीची पण अधिक चोख अशी ही युक्ती आहे. नवाच्या ताळ्याला उलटे पडलेले आकडे समजत नाहीत, हिला समजतात. जीएसटी क्रमांकाचे पंधरावे चिन्हही असेच ताळ्याचे असते. परंतु हा ताळा काय सांगतो? क्रमांक घडणीने योग्य आहे, एवढेच. तो समोर उभ्या असलेल्या माणसाचाच आहे की नाही, त्या व्यापाऱ्याने माल खरोखर पाठवला की नाही, हे तो सांगत नाही. घडण बरोबर असणे आणि गोष्ट खरी असणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात सॉफ्टवेअरचे मोठे अपघात घडतात.

पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या बाबतीत २०१७ च्या आरंभी हेच दिसले. यूपीआय नुकतेच सुरू झाले होते. बँकेच्या त्यासंबंधीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष राहिला, आणि ज्यांच्या खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती अशांच्या नावानेही पैसे पुढे गेले. नुकसान सुमारे २५ कोटी रुपयांचे असल्याचे राष्ट्रीय देयक महामंडळाने तेव्हा सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेत ऐन दिवाळीच्या दिवसांत, १० ते १३ तारखांदरम्यान, आयएमपीएसद्वारे सुमारे ४१,००० खात्यांत मिळून ८२० कोटी रुपये जमा झाले, पण पाठवणाऱ्यांच्या बँकांत ते नावे पडलेच नव्हते. यातील प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे पाहिला तर घडणीने ठीक असू शकतो. चुकले ते व्यापाऱ्याच्या घरात लहान मूलही जाणते असे एक तत्त्व: एकीकडे जमा, तर दुसरीकडे तेवढेच नावे. सॉफ्टवेअरच्या हजार चाचण्या घेतल्या आणि ही एक घेतली नाही, तर हजारांचा काय उपयोग?

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या चाचण्यांचा धोका नेमका येथे आहे. चाचणीला दोन गोष्टी लागतात: काय टाकायचे आणि काय निघायला हवे. पहिली गोष्ट यंत्र विपुल पुरवते. दुसरी ते कोठून आणणार? पुष्कळदा ते समोरचे सॉफ्टवेअरच वाचते आणि त्यावरून अपेक्षित उत्तर ठरवते. म्हणजे लिहिणाऱ्याने ‘५०,००० किंवा अधिक’ अशी चूक केली असेल, तर यंत्राने लिहिलेली चाचणीही ५०,००० वर ई-वे बिल निघालेच पाहिजे असे म्हणेल, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटेल. आता तर सॉफ्टवेअरही अशाच साधनांकडून लिहून घेतले जाते. ज्याने रोजमेळ लिहिला त्यानेच तो तपासून सही करावी, असा हा प्रकार. कोणत्याही पेढीवर तो चालवून घेतला जात नाही. पडद्यावरील बटण हलले तर स्वतःच नवी जागा शोधून चाचणी पुढे चालू ठेवणारी साधनेही निघाली आहेत. ती सोयीची खरीच, पण बटण चुकीने हलले असेल तर ती चूक झाकलीही जाते.

तपासणारे यंत्रच सदोष असेल तर काय होते, याचा अनुभव जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राऊडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठी पाठवलेल्या एका छोट्या फाइलमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एका ठिकाणी २१ रकाने धरले होते आणि दुसरीकडून २० च येत होते. ही विसंगती पकडण्यासाठी ठेवलेल्या स्वयंचलित तपासनिसातच दोष होता, त्याने फाइल पास केली. आणि फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याऐवजी एकदम सगळीकडे गेली. नवा माल आधी पेटीभर मागवून पाहण्याची व्यापाऱ्याची जुनी रीत येथे पाळली गेली नव्हती.

तरीही संगणक बंद पडणे हे लहान संकट म्हणावे लागेल, कारण ते निदान दिसते. संगणक चालू राहतो, आकडे देत राहतो आणि ते आकडे चुकीचे असतात, हे संकट मोठे. ब्रिटनमध्ये ते शेकडो दुकानदारांवर कोसळले. तेथे गावोगावचे छोटे दुकानदार दुकानाच्याच एका कोपऱ्यात टपाल कचेरी चालवतात. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ आहेत. १९९९ पासून या कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट दुकानदाराने भरायची. ज्यांनी भरली ते कर्जबाजारी झाले, ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. तेथील न्यायालये संगणक नीट चालतो असेच गृहीत धरून चालत. तो चुकतो हे सिद्ध करण्याचा भार दुकानदारावर, आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र कंपनीजवळ. सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांना सुमारे ७४,००० पौंडांच्या तुटीवरून २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. अशा शिक्षा झालेल्यांची संख्या ९०० हून अधिक भरली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, त्यांत सीमा मिश्राही होत्या. आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तोवर काही जण निर्दोष ठरण्याची वाट पाहत मृत्यू पावले होते.

त्या प्रणालीतील एक दोष टेस्टर मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन या गावी २०१५ मध्ये ८,००० पौंडांची एकच रक्कम घेताना पडदा जागचा हलेना, म्हणून एंटरची कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. प्रत्येक दाबण्याला नवी नोंद झाली आणि ८,००० ची रक्कम चार वेळा पडून २४,००० पौंडांचा फरक आला. दुकानातील मुलगा नेट मंद असताना काय करतो? तेच करतो. ‘शहाणा माणूस एकदाच कळ दाबील’ असे धरून केलेली चाचणी ही दुकान न पाहिलेल्याची चाचणी होय.

यंत्राची परीक्षा घेणे येथून पुढे आणखी अवघड होणार आहे. आजवरचे सॉफ्टवेअर एका प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर देई. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सॉफ्टवेअर तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन उत्तरे देऊ शकते. मग ‘बरोबर’ कशाला म्हणायचे? कर्ज द्यावे की नाही हे अशा यंत्राने सुचवले तर त्याची तपासणी कशी व्हावी, या आणि अशा प्रश्नांवर रिझर्व्ह बँकेने मुंबई आयआयटीचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलून ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपचेही असेच. नवापूर भागातील गिऱ्हाईक मावची बोलते, अहिराणी बोलते, वाक्यात मध्येच गुजराती शब्द घालते. पुस्तकी मराठीवर तपासलेले अ‍ॅप येथे पहिल्याच वाक्याला अडखळेल, आणि दोष बोलणाऱ्यावर टाकला जाईल.

पुण्यातल्या टेस्टर मुलांच्या नोकऱ्यांचे काय, ही काळजी घराघरांत आहे आणि ती निराधार नाही. लिहून दिलेल्या यादीप्रमाणे बटणे दाबून ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिणे हे काम यंत्र घेणार. किंबहुना घेतच आहे. त्या कामावर संसार उभा असलेल्याने आजच दुसरे काही शिकायला हवे, हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पण उत्तर काय यायला हवे हे ठरवू शकणाऱ्याची गरज वाढते आहे. २,६२५ ते २,९५० मधला पेच ज्याला दिसतो, परतीच्या मालाला जुना दर का लावायचा हे जो सांगू शकतो, जमा आणि नावे यांची जोड जो कधी सोडत नाही, अशा मुलाला यंत्र हे हत्यार ठरते. आश्चर्य म्हणजे हे ज्ञान महाविद्यालयात फारसे मिळत नाही. ते सुटीत आजोबांच्या दुकानात गल्ल्यावर बसून, उधारीची वही लिहून मिळते. संगणक शिकलेली मुले ते ज्ञान मागासलेले मानून मागे टाकतात, ही खेदाची बाब आहे.

दुकानदारालाही या बाबतीत हातावर हात ठेवून बसता येत नाही. सॉफ्टवेअर विकणारा ‘सगळे तपासलेले आहे’ असेच सांगणार. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल आला की त्याच दिवशी त्यावर सगळा व्यवहार सोपवू नये. आधी माहितीची प्रत काढून ठेवावी. मग गेल्या महिन्यातील दहा-बारा बिले निवडावीत, सोपी नव्हे तर त्रासदायक: सुरतेचा माल, नंदुरबारचा माल, सूट दिलेले, परत आलेले, पैशांत गोळाबेरीज झालेले, अर्धी रोख आणि अर्धी यूपीआय अशी रक्कम आलेले. ती नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा करून आकडे ताडून पाहावेत. तास-दीड तासाचे काम आहे. शाळेत जाणारा नातूही ते करील आणि करताना धंदा शिकेल. फरक आला तर पडद्याचा फोटो, तारीख आणि वेळ नोंदवून विक्रेत्याला लेखी कळवावे, केवळ फोनवर सांगून सोडू नये. रोज संध्याकाळी यूपीआयवर जमा दिसणारी रक्कम पेटीवरच्या आवाजावरून न धरता बँकेच्या खात्यातील नोंदीशी जुळवावी. आणि १ एप्रिलला बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात, तेव्हा ३१ मार्चच्या रात्री उशिरा केलेले बिल कोणत्या वर्षात पडते, हे एकदा तरी करून पाहिलेले असावे. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधील एखादा मंद दुपारचा तास पुरेल.